पदवीनंतरचे कर्वे : महर्षी धोंडो केशव कर्वे



प्रशिक्षणात हल्ली 'ग्रोथ माइंडसेट' हा शब्द आपण फार ऐकतो. क्षमता जन्मतः ठरलेली नसते, प्रयत्नाने वाढते, असा त्याचा साधा अर्थ. पण पदवी हातात पडल्यावर, नोकरीधंद्यात, त्याचा खरंच उपयोग होतो का? एक आयुष्य बघूया.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातल्या शेरवलीचा. बालपण मुरूडला गेलं. १८७५ मध्ये सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला शंभरांहून जास्त मैल चालत गेला. वाटेत सह्याद्री! आणि तिथे काय झालं? वयाच्या मानाने लहान दिसतो म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरहून ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाले १८८१ ला आणि गणित घेऊन बी.ए. १८८४ ला, म्हणजे सव्विसाव्या वर्षी. आजच्या हिशोबाने उशीरच की!

मुंबईत शिकवण्या करत असताना १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण नुसत्या जिद्दीने दार उघडत नाही, कोणीतरी हाकही मारावी लागते. मुलांना हे लपवू नये.

पहिल्या पत्नी राधाबाई त्याच वर्षी वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडने कुटुंबावर बहिष्कार टाकला. माणूस तसा मुलखाचा लाजाळू. तरी १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो हिंगण्याला गेला, तेव्हा कॉलेज सुटल्यावर रोज चालत तिकडे जायचे. घरच्यांना याची झळ बसलीच. सूनबाई इरावती कर्वे यांनी त्यावर मोकळेपणाने लिहिलंय.

मला सगळ्यात आवडतो तो जपानचा प्रसंग. तिथल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका टपालाने आली. त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. काही वर्षांनी, १९१५ च्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, तेव्हा भाषणाची तयारी करताना ती आठवली. मग नीट वाचली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते, फर्ग्युसनमधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, तेच आजचं एसएनडीटी.

एकाहत्तराव्या वर्षी ते युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं आणि त्यासाठी दारोदार पैसे गोळा केले.

पगार आणि हुद्दा एवढंच यश धरलं तर कर्वे फर्ग्युसनचे एक गणिताचे प्राध्यापक, बस्स. त्यांना मोठं केलं ते पदवीनंतर पुन्हापुन्हा नवशिक्या होण्याने, असं माझं मत. मदत करणारे नसते तर तेही अपुरं पडलं असतं.

१९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले. सातवी-आठवीच्या मुलांना सांगताना सुरुवात साताऱ्याच्या त्या पायपिटीपासून करून बघा, आणि परीक्षेला बसू दिलं नाही इथेच थोडं थांबा. पुढे काय झालं असेल, ते मुलांनाच सांगू द्या.