खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी जत्राजत्रांतून कुस्त्यांचे फड भरतात. पोरे रेवड्यांवर लढतात, नामांकित मल्ल मोठ्या इनामावर; परंतु कुस्ती निकाली व्हावी, अशीच प्रेक्षकांची अपेक्षा असते. या परंपरेत खाशाबा वाढले.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

परतल्यावर मोठी मिरवणूक निघाली. पण गुरुजींचे घर गहाणच होते. म्हणून खाशाबा कोल्हापूरच्या फडात उतरले. तेथे जिंकून कीर्ती वाढणार नव्हती, हरल्यास मात्र ती डागाळणार होती. तरीही अंग राखून लढणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी कुस्त्या जिंकल्या आणि मिळालेल्या पैशातून ते घर सोडवले.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. फड लहान असो वा मोठा, मातीत उतरल्यावर मल्लाने आपले सर्व बळ पणास लावावे, हीच त्यांच्या चरित्राची शिकवण आहे.