डॉ. सुझन ला फ्लेश पिकॉट

१८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी त्यांच्याच कॉलेजात सुझन ला फ्लेश शिकायला आली. ती अमेरिकेतल्या ओमाहा या आदिवासी जमातीची. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत एक आजारी म्हातारी तळमळून गेली होती. निरोपावर निरोप धाडूनही गोरा डॉक्टर फिरकलाच नव्हता.

१८८९ मध्ये सुझन वर्गात पहिली आली. पुढे डॉ. सुझन आपल्या लोकांतच परतल्या. कडाक्याच्या थंडीतही घोड्यावरून घरोघर जायच्या, रुग्णांशी ओमाहा भाषेत बोलायच्या. दुखणं आपल्या बोलीत सांगता आलं, की माणूस अर्धा सावरतो ना! १९१३ मध्ये त्यांनी वॉल्टहिल गावी हॉस्पिटल उभारलं. दोनच वर्षांनी त्या वारल्या.

त्या हॉस्पिटलचं दार गोऱ्या रुग्णांनाही उघडं होतं.