पोंका सिटीचा मार्लंड

गेल्या वर्षी आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले आणि नेमकी त्याच महिन्यात माझी नोकरी गेली. तेल-वायू क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर करणारी आमची कंपनी कर्ज देणाऱ्यांनी ताब्यात घेतली आणि आठवड्याभरात आमची अर्धी टीम घरी. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की हातात साठ दिवस असतात. ते दिवस घरात बसून मोजण्यापेक्षा एका शनिवारी मी दोघांना गाडीत घातलं आणि तुल्साहून दीड तासावर असलेल्या पोंका सिटीला नेलं, अर्न्स्ट मार्लंडचा वाडा दाखवायला.

मार्लंड मूळचा पिट्सबर्गचा, जन्म 1874 चा. मिशिगन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, पण जीव रमला जमिनीखालच्या खडकांत. वेस्ट व्हर्जिनियात तेलात पैसा केला आणि 1907 च्या मंदीत सगळा घालवला. पुढच्या वर्षी जवळजवळ रिकाम्या खिशानं तो ओक्लाहोमात आला. नात्यातल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या ओळखीनं तो मिलर बंधूंच्या '101 रँच' या लाखभर एकरांच्या पसाऱ्यावर पोचला. तिथला चढउतार बघून, खाली तेल असणार, असा अंदाज त्यानं बांधला.

इथे बाबांनी मला थांबवलं. जमिनीखालचं तेल सरकारचं नसतं का? आपल्याकडे सातबारावर नाव असलं तरी खालचं तेल सरकारचंच. अमेरिकेत मात्र बहुतेक ठिकाणी जमिनीबरोबर खालच्या खनिजाचाही हक्क मालकाकडे असतो. म्हणून इथे एकटादुकटा माणूसही शेतकऱ्याकडून भाडेपट्टा घेऊन, उत्पन्नातला ठरलेला वाटा कबूल करून विहीर खणू शकतो. मोठ्या स्टँडर्ड ऑइलच्या सावलीत छोट्या स्वतंत्र कंपन्या उगवल्या, त्याचं एक मोठं कारण हेच.

आधीच्या विहिरींत नुसता वायू लागला, नाहीतर काहीच नाही. पैसे संपत आले. मग 1911 मध्ये विली क्राइज-फॉर-वॉर या पोंका जमातीच्या माणसाच्या जमिनीवर तेल लागलं. ती जागा पोंकांच्या दफनभूमीच्या टेकडीवर होती. या लोकांना सरकारनं 1877 मध्ये नेब्रास्कातून हुसकावून इथे आणलं होतं. त्यांचा प्रमुख व्हाइट ईगल याला तिथं खोदणं मान्य नव्हतं, हे तेल तुला लाभणार नाही असं त्यानं मार्लंडला बजावलं, अशी कथा सांगतात. कथा खरी की मागाहून रचलेली, देव जाणे. पण आमच्या गावच्या देवराईत अजून कुणी कुऱ्हाड नेत नाही, त्यामुळे आईला त्यात नवल वाटलं नाही.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं म्हणजे नुसती झेप. मला त्यातला तांत्रिक भाग सगळ्यात आवडतो. आजूबाजूचे लोक नशिबावर भरवसा ठेवून खणत होते, तेव्हा मार्लंडनं भूवैज्ञानिक नोकरीला ठेवले. जमिनीत छोटा स्फोट करायचा, खालच्या थरांतून लहरी किती वेळात परततात ते मोजायचं आणि त्यावरून खडकाचा आकार ओळखायचा, हे तंत्र 1920 च्या दशकात ओक्लाहोमात नवं होतं. ते अगदी सुरुवातीला वापरून पाहणाऱ्यांत मार्लंडची कंपनी होती. मी पोटापाण्यासाठी ज्या लहरींची गणितं कोडमध्ये लिहीत होतो, त्या याच.

जगातल्या तेलाचा दहावा हिस्सा त्याच्या हातात होता, असं त्या काळाबद्दल म्हणतात. त्यानं कामगारांना घरं बांधायला मदत केली, औषधपाण्याची सोय केली. स्वतःसाठी पोलोचं मैदान आणि कोल्ह्यांची शिकारही आणली! मग पंचावन्न खोल्यांचा, इटालियन धाटणीचा वाडा. खर्च साधारण पंचावन्न लाख डॉलर. छतावरची चित्रं बघताना बाबांची मान दुखली.

पण वाढायला भांडवल लागतं, आणि ते 1923 पासून जे. पी. मॉर्गनच्या बँकेकडून आलं. पैशांबरोबर संचालक मंडळात बँकेची माणसं आली, आणि शेवटी निर्णय त्यांचे झाले. 1928 मध्ये मार्लंडला त्याच्याच कंपनीतून बाहेर काढलं. 1929 मध्ये ती कॉन्टिनेंटल ऑइलमध्ये विलीन झाली आणि कोनोको म्हणून ओळखली जाऊ लागली. मार्लंडचा लाल त्रिकोण तसाच राहिला, फक्त आतलं नाव बदललं. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण आईनं हळूच पाण्याची बाटली पुढे केली.

त्याची सगळीच बाजू घ्यावी असंही नाही. बायकोची भाची लिडी हिला त्यानं दत्तक घेतलं होतं. बायको 1926 मध्ये वारली. दोन वर्षांनी त्यानं दत्तकविधान रद्द करवून लिडीशीच लग्न केलं, तो चोपन्नचा, ती अठ्ठावीसची. आई पुढे ऐकायलाच तयार नव्हती.

वाड्यात ती दोघं फार थोडे दिवस राहिली. तेवढ्या घराची दिवाबत्तीसुद्धा परवडेना, म्हणून आवारातल्याच लहान घरात आली. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या बाबांना हे अगदी पटलं. मार्लंड मग राजकारणात गेला, 1932 मध्ये काँग्रेसवर निवडून आला आणि 1935 ते 1939 ओक्लाहोमाचा गव्हर्नर होता. अतोनात उपशानं भाव कोसळू नयेत आणि तेल वाया जाऊ नये, म्हणून राज्याराज्यांत झालेल्या 1935 च्या करारामागे तो होता. स्वतः वारेमाप उपसून झाल्यावरचं शहाणपण, पण कामाचं. 1941 मध्ये वाडा एका ख्रिस्ती धर्मसंघाला 66,000 डॉलरना विकला आणि त्याच वर्षी तो गेला.

लिडी 1953 मध्ये गाव सोडून निघून गेली ती बावीस वर्षांनी परतली. जाण्याआधी तिनं स्वतःचा संगमरवरी पुतळा फोडून टाकायला सांगितला होता. त्याचे पुरलेले तुकडे पुढे सापडले, जोडले गेले, आणि आता तो पुतळा वाड्यात उभा आहे. आई त्याच्यासमोर बराच वेळ थांबली होती.

परतताना बाबांनी विचारलं, किती दिवस उरले? मी म्हटलं, एकतीस. ते म्हणाले, मग उद्या रविवार असला तरी अर्ज करायला बस, चहा मी करतो.