कुंडीतल्या रोपापासून लंकेच्या आगीपर्यंत

जग उद्ध्वस्त झाल्यानंतर उरलेल्या माणसांची कथा सांगणारे विज्ञानपट अनेकदा तुटपुंज्या पैशांतच तयार झाले आहेत. फ्रान्समधील ख्रिस मार्कर यांचा १९६२ मधील ‘ला जेते’ जवळजवळ सर्वस्वी स्थिर छायाचित्रांतून साकारला, तर ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज मिलर यांनी १९७९ मध्ये ‘मॅड मॅक्स’ काढला तोही हात राखूनच. वर्धा-हिंगणघाटच्या एखाद्या तरुणाने आज मोबाइलवर असा चित्रपट करायचे मनात आणले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहील तो हाच, की जे अस्तित्वातच नाही ते खिशात पैसा नसताना पडद्यावर दाखवायचे कसे? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील एका चाळिशी ओलांडलेल्या, धंद्यात भागीदारांशी बिनसलेल्या गृहस्थांना याच प्रश्नाने झपाटले होते. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला व छायाचित्रण आत्मसात केले. गोध्र्यात छायाचित्रकार म्हणून त्यांनी बस्तान बसवले. परंतु प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेल्यावर ते गाव सुटले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग शिळाछपाई आणि मुद्रणाचा व्यवसाय असा त्यांचा प्रवास झाला. या साऱ्या उद्योगांत जादूगारी हीही एक विद्या होती. आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करीत. चरित्रकार या गोष्टीकडे गंमत म्हणून पाहतात, पण फाळके यांच्या चित्रपटांची खरी किल्ली तिथेच आहे. पाहणाऱ्याची नजर कुठे खिळवायची आणि हातचलाखी कुठे करायची, हे त्यांना कॅमेरा हाती येण्यापूर्वीच ठाऊक होते.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यानंतर त्यांनी चित्रपट पाहण्याचा आणि त्या तंत्राचा अभ्यास करण्याचा असा सपाटा लावला, की काही काळ दृष्टीच अधू झाली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी प्रथम त्यांना या धाडसापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. नंतर त्यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी ओळख करून दिली. विल्यमसन कॅमेरा खरेदी करून एप्रिलमध्ये फाळके परतले.

कॅमेरा आला, तरी भांडवल कोण देणार? फाळके यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर ठेवून महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली. पडद्यावर अवघ्या मिनिटभरात बीज अंकुरले, वाढले, वेल झाले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फीत पाहून सावकाराचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले. डोळ्याला कधीच न दिसणारा काळ त्यांनी मूठभर वाटाण्यांच्या खर्चात दाखवला होता. त्याला विज्ञानपट म्हणायला हरकत नसावी.

दादरच्या राहत्या घरीच ‘राजा हरिश्चंद्र’ आकाराला आला. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती अंधारात पाडण्याचे काम पत्नी सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्यात त्यांचा हात असे, उन्हाचा झोत वळवण्यासाठी पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. त्यांचे दागिनेही या उद्योगाच्या कामी आले. आजच्या भाषेत निर्मितीच्या निम्म्या विभागांचा भार या एकट्या बाईंवर होता. श्रेयनामावलीची पद्धत मात्र तेव्हा नव्हती. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवण्यात आले. वांगणीला बाह्यचित्रण होते. तलवारी घेतलेली ही मंडळी दरोडेखोर असावीत अशा समजुतीने गावकऱ्यांनी पोलिसांना वर्दी दिली आणि फाळके यांना तेथे जाऊन खुलासा करावा लागला.

३ मे १९१३ रोजी कोरोनेशन चित्रपटगृहात तो प्रदर्शित झाला. विश्वामित्राच्या यज्ञातील ज्वाळांत शक्ती प्रकट होतात, ते दृश्य पाहून प्रेक्षक थक्क झाले. युक्ती साधी होती. कॅमेऱ्याचे हँडल थांबवायचे, समोरच्या वस्तूत वा माणसांत बदल करायचा आणि पुन्हा हँडल फिरवायचे. कधी तीच फिल्म मागे घेऊन तिच्यावर दुसरे चित्रण करायचे. खर्च काहीच नाही, हिशेब मात्र काटेकोर. एक चूक झाली की सगळी फिल्म वाया.

नाशिकला मुक्काम हलवल्यावर १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. मारुतीचे उड्डाण आणि एक संपूर्ण नगरी जळताना पाहण्यासाठी मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ होत. मद्रासला जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. भारतीय पडद्यावरील विनाशाचे हे पहिले भव्य दर्शन म्हणावे लागेल.

पैसा आला आणि पैशाबरोबर भागीदारही आले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि कन्या मंदाकिनीला कृष्ण करून केलेला ‘कालिया मर्दन’ (१९१९) गाजले. पण वेळ आणि खर्च यांवरून खटके उडू लागले. प्रत्येक चौकट मनासारखी होईतो न सोडणारा कारागीर आणि खर्चाचा ताळा मागणारे भांडवलदार यांचे जमणे अवघडच होते. फाळके राजीनामा देऊन काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते कंपनीत परतले खरे, परंतु घरातल्या घरात चित्रपट उभारणारा पूर्वीचा स्वतंत्र निर्माता परतला नाही.

बोलपटाने उरलेसुरले हिरावले. १९३२ च्या मूक ‘सेतुबंधन’ला नंतर ध्वनीची जोड द्यावी लागली. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा एकमेव बोलपट केला. तो अखेरचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टीला त्यांचे फारसे स्मरण राहिले नव्हते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

तेव्हाची नायट्रेट फिल्म ठिणगीसरशी पेट घेई. ‘राजा हरिश्चंद्र’ फाळके यांना १९१७ मध्ये पुन्हा चित्रित करावा लागला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झालेली रिळे या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘कालिया मर्दन’चा बराच भाग वाचला आहे. लंकेच्या आगीचे मात्र काही तुकडेच उरले आहेत.