फ्रान्झ लायडिग : चरित्र आणि बोध

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. संतांची, समाजसुधारकांची व देशभक्तांची चरित्रे आजवर अनेक विद्वान ज्ञातिबांधवांनी लिहिली. यंदा हे काम संपादक मंडळाने माझ्यावर सोपविले. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला. परंतु सारी उमेद मुलांना सृष्टिविज्ञान शिकविण्यात घालविलेली. म्हणून मी एका शास्त्रज्ञाची निवड केली आहे. तो परदेशी होता, पण वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचे नाव ठाऊक असते. आणि त्याच्या कार्याचा आपल्या घरांतील एका जुन्या दुःखाशी निकटचा संबंध आहे. विषय नाजूक आहे. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी, परंतु लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

वैशाख सरत आला आणि वळवाची एखादी सर पडून गेली, की आपल्या खानदेशात बाभळीच्या फांदीवर किंवा शेताच्या बांधावर नर सरडा मान वरखाली करीत बसलेला दिसतो. त्याचा गळा लालभडक झालेला असतो. तो दुरूनच माणसाचे रक्त शोषतो अशी पोरांची समजूत असल्याने ती त्याला दगड मारतात. वास्तविक तो बिचारा आपल्या जोडीदारणीला बोलावीत असतो व दुसऱ्या नराला दूर राहण्याची ताकीद देत असतो. पावसाळा सरला की तो रंगही ओसरतो. ऋतूबरोबर येणारी आणि ऋतूबरोबर जाणारी ही लाली शरीरात कोठून उत्पन्न होते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा ज्याच्या हाती प्रथम लागला, तो पुरुष म्हणजे फ्रान्झ लायडिग होय.

लायडिगचा जन्म २१ मे १८२१ रोजी जर्मनीतील रोटेनबुर्ग या गावी झाला. टाउबर नदीच्या काठी वसलेले हे तटबंदीचे जुने गाव आहे. वडील साधे सरकारी नोकर होते. बागकाम व मधमाश्या पाळणे हा त्यांचा छंद, आणि तीच आवड मुलात उतरली. वयाच्या बाराव्या वर्षी या मुलास एक साधा सूक्ष्मदर्शक मिळाला. त्या दिवसापासून शाळेतून सुटका झाली की तो त्या भिंगावर डोळा लावून बसे. पुढे १८४० मध्ये तो म्युनिक येथे व नंतर व्युर्ट्सबुर्ग येथे विद्यार्जनासाठी गेला. १८४७ मध्ये त्याने वैद्यकाची पदवी संपादन केली आणि क्योलिकर या नामांकित शरीरशास्त्रज्ञाच्या सहवासात संशोधनास आरंभ केला.

त्या काळी सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात हा सिद्धान्त नवा होता. तो मांडला जाऊन पुरते एक तपही उलटले नव्हते. कोणत्या इंद्रियात कोणत्या पेशी असतात याचा शोध तरुण शास्त्रज्ञ घेत होते. लायडिगने सस्तन प्राण्यांचे वृषण तपासण्यास घेतले. वृषणात बारीक नलिकांची गुंडाळी असते व तिच्यात शुक्रजंतू तयार होतात, एवढे त्या वेळी माहीत झाले होते. लायडिगची दृष्टी नलिकांच्या मधल्या सापटीत गेली. तेथे रक्तवाहिन्यांच्या आधाराने राहणारे, चरबीचे कण व पिवळसर रंगद्रव्य पोटात बाळगणारे पेशींचे पुंजके त्याला आढळले. प्राण्यामागून प्राणी तपासला तरी त्या पेशी दिसतच होत्या. १८५० मध्ये त्याने हे वर्णन प्रसिद्ध केले. आज त्या पेशींना जगभर लायडिगच्या पेशी म्हणतात.

या पेशींचे कार्य काय, हे मात्र लायडिगला सांगता आले नाही. योगायोग असा की, अवघ्या एका वर्षापूर्वी, १८४९ मध्ये, जर्मनीतच ग्योटिंगेन येथे बेर्टहोल्ड या प्राध्यापकाने कोंबड्यांवर एक प्रयोग केला होता. कोवळ्या कोंबड्याचे वृषण काढून टाकले तर त्याचा तुरा वाढत नाही, तो आरवत नाही व झुंजतही नाही. पण तेच वृषण पोटात दुसऱ्या जागी बसविले, तर तो पुन्हा पुरता कोंबडा होतो! गोऱ्हा खच्ची केला म्हणजे त्याचा उन्मत्तपणा जातो, हे आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतोच. वृषणातून काहीतरी द्रव्य रक्तात मिसळते आणि त्यामुळे नराचे नरपण येते, हे बेर्टहोल्डच्या प्रयोगाने सुचविले. ते द्रव्य जेथे तयार होते ती जागा लायडिगने पाहिली होती. परंतु हे दोन धागे एकत्र गुंफले जाण्यास अर्धे शतक जावे लागले.

लायडिग १८५७ मध्ये ट्यूबिंगेन येथे प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी त्याचा मनुष्य व प्राणी यांच्या सूक्ष्म शरीररचनेवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे सरपटणाऱ्या प्राण्यांकडे त्याचे मन ओढले गेले आणि १८७२ मध्ये त्याने जर्मनीत आढळणाऱ्या सरड्यांच्या जातींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सरड्याच्या डोक्यावर मध्यभागी कातडीखाली असलेल्या एका बारीक इंद्रियाचे वर्णनही त्याने त्या वर्षी केले. तो प्रकाश जाणणारा तिसरा डोळा आहे, हे इतर शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये सिद्ध केले. येथेही तीच कथा. लायडिगने पाहिले आणि नेटके लिहून ठेवले. अर्थ पुढच्यांनी लावला. जे दिसले तेवढेच लिहावे, न दिसलेले आपल्या पदरचे घालू नये, हा त्याचा बाणा होता. आम्हा शिक्षकांना व विद्यार्थ्यांना या बाण्याचे मोल कळले पाहिजे.

दरम्यान १८६५ मध्ये सेर्तोली या इटालियन शास्त्रज्ञाने वृषणाच्या नलिकांच्या आत शुक्रजंतूंचे पोषण करणाऱ्या पेशी शोधून काढल्या. त्यानंतर १९०३ मध्ये बुआँ व आन्सेल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी निर्णायक निरीक्षणे मांडली. ज्यांचे वृषण पोटातून खाली उतरलेच नाहीत, किंवा ज्यांची शुक्रवाहिनी बांधून टाकली, अशा प्राण्यांत शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या तरी लायडिगच्या पेशी शाबूत राहतात. आणि असे प्राणी दिसण्यात व वागण्यात पूर्ण नरच असतात. म्हणजे नरपण देणारे द्रव्य या पेशींतून स्रवते. ते द्रव्य १९३५ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आले. त्यालाच टेस्टोस्टेरॉन म्हणतात.

आपल्या सरड्याच्या लाल गळ्याचा उलगडा आता होतो. विणीचा हंगाम येताच त्याच्या पोटातील वृषण फुगतात, नलिका शुक्रजंतूंनी भरतात आणि मधल्या सापटीतील लायडिगच्या पेशी जोमाने स्रवू लागतात. त्या स्रावाने गळ्यावर लाली चढते. नर सरड्याच्या व सापाच्या मूत्रपिंडाचा एक भागसुद्धा त्या काळात मोठा होऊन वीर्यात मिसळणारा रस देऊ लागतो. हंगाम संपला की सारे आकसून जाते. कासवाची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे. थंड प्रदेशांतील कित्येक कासवांत शुक्रजंतू उन्हाळ्यात तयार होतात, वृषणालगतच्या नळीत हिवाळाभर साठून राहतात आणि पुढील वसंतात कामी येतात. शुक्रजंतू घडविणे हे एक खाते आणि नरपणाचा स्राव देणे हे दुसरे खाते. घर एक असले तरी कारभार दोन आहेत, हे सृष्टीने या मुक्या प्राण्यांत स्पष्ट लिहून ठेविले आहे.

लायडिग १८७५ मध्ये बॉन येथे गेला आणि १८८७ मध्ये सेवानिवृत्त झाला. उत्तर आयुष्यात तो आपल्या जन्मगावी परतला व तेथेच १३ एप्रिल १९०८ रोजी त्याचा अंत झाला. एर्लांगेन येथील एका शस्त्रवैद्यक प्राध्यापकाची कन्या ही त्याची सहधर्मचारिणी होती. ती त्याच्या पश्चात राहिली. या दांपत्यास अपत्य नव्हते. ज्याच्या नावाने पुरुषत्वाच्या पेशी ओळखल्या जातात तो स्वतः निपुत्रिक होता, आणि त्यामुळे त्याच्या वा त्याच्या पत्नीच्या योग्यतेत तसूभरही उणेपणा आला नाही!

आता हे चरित्र लिहावयास मी का घेतले, ते सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचे लग्न झाले. मुलगी हुशार, कामाला वाघीण. सहा वर्षे पाळणा हलला नाही. सातव्या वर्षी ती आखाजीला माहेरी आली, झोक्यावर बसली, गाणी म्हणाली. पण सण उलटून गेला तरी तिला न्यायला सासरहून कोणी आले नाही. वांझ म्हणून तिला टाकली होती. त्या गृहस्थाने दुसरे लग्न केले. दुसरीलाही मूल झाले नाही, आणि दोष तिच्याही कपाळी गेला. नवरा धिप्पाड, भरघोस मिशांचा, पहाडी आवाजाचा. त्याची तपासणी करावी असे कोणाच्या मनातही आले नाही. मला ही सारी हकीकत ठाऊक होती. शाळेत मी पेशी शिकवीत होतो, पण चार माणसांत उठून बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. त्याची खंत आजही आहे.

मिशा, आवाज व बळ ही लायडिगच्या पेशींची देणगी आहे. शुक्रजंतू हे नलिकांचे काम आहे. पहिले खाते उत्तम चालू असताना दुसरे बंद असू शकते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. त्याची पहिली तपासणी अगदी सोपी आहे. दोन ते सात दिवस संयम पाळून वीर्याचा नमुना द्यावयाचा. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात व शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल मोजतात. दर मिलिलिटरमध्ये साधारण दीड कोटीहून अधिक शुक्रजंतू असणे ठीक समजतात. एका तपासणीत उणे आढळले तर ती पुन्हा करतात, आणि पुष्कळ कारणांवर उपायही आहेत. आज जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरण्याचे कारण उरलेले नाही.

तेव्हा ज्ञातिबंधू-भगिनींनो, माझी हात जोडून प्रार्थना एवढीच आहे. सुनेला दवाखान्यात नेण्यापूर्वी, निदान तिच्याबरोबर, मुलालाही न्यावे. तपासणीने पुरुषाची अब्रू जात नाही. न तपासता दुसऱ्याच्या लेकीला दोष दिल्याने मात्र साऱ्या घराची अब्रू जाते. ओटीभरण, डोहाळजेवण व हळदीकुंकू यांत जिची कूस उजवली नाही तिलाही मानाने बोलवावे. आणि दोघांच्याही शरीरात उपाय नसला, तर लायडिग दांपत्याचे स्मरण करावे.

पुढच्या वैशाखात बांधावर लाल गळ्याचा सरडा दिसला, तर मुलांच्या हातातील दगड खाली ठेववावा आणि त्यांना या भिंगवाल्या मुलाची गोष्ट सांगावी. माझ्याकडून त्या वेळी जे राहून गेले, ते या लेखाने थोडे जरी भरून निघाले, तरी मी स्वतःस धन्य समजेन.