डॉक्टर आनंदीबाई जोशी

छावणीतील आमच्या वर्गात ‘न्यूमोनिया’ वाचताना आरंभीचे मूक ‘पी’ उच्चारून आम्ही फसतो, तेव्हा आनंदीबाईंचे स्मरण होते. त्यांचा जन्म १८६५ चा. बालवयात विवाह झाल्यावर पती गोपाळरावांनी त्यांस शिकविले. तान्हे मूल दहाव्या दिवशी दगावले. पुढे वैद्यक शिकण्यासाठी त्या १८८३ साली अमेरिकेस गेल्या. वैद्यकाची इंग्रजी परिभाषा बहुतांशी ग्रीक व लॅटिन शब्दांतून घडलेली. ती गोऱ्या मुलींसही परकीच! तरीही १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी एम्. डी. पदवी संपादिली. वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १८८७ साली, पुण्यास त्या निवर्तल्या. रुग्णसेवेचा हेतू अपुराच राहिला. ग्रीक भाषेत ‘न्यूमोन’ म्हणजे फुफ्फुस, हे कळताच रोगाचे स्थान शब्दच सांगतो. म्हणून, बालमित्रहो, कठीण शब्द आला तर तो टाळू नये; त्याचे मूळ शोधावे, उच्चार गुरुजनांस विचारावा.