साहेबाच्या ओट्यांवरचा साहेब : नॉर्मन लॉकयर

ऑगस्ट आला की आमच्या जामसंड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकयर या इंग्रज साहेबाने आपल्याच देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत, त्यामुळे मीही तो बिनधास्त फॉरवर्ड करायचो.

पण त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्येच होता! खरी गोष्ट काय आहे, बघूया.

लॉकयरचा जन्म १८३६ चा, गाव रग्बी. नोकरी युद्धखात्यात कारकुनाची, नाद मात्र दुर्बिणीचा. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होता, तर इंग्रजांची एक तुकडी जमखंडीला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश त्यांनी स्पेक्ट्रोस्कोपमधून बघितला. त्यात एक पिवळी रेषा होती, पण ती बहुतेकांना सोडियमची वाटली. लॉकयरने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच त्या ज्वाळांच्या रेषा पकडल्या. पिवळी रेषा नीट मोजली तर ती सोडियमच्या जागेवर बसेना. पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून त्याने नवं मूलद्रव्य मानलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून ते झालं हेलियम.

एका रेषेवरून एवढा मोठा दावा? बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना तो पटला नाही. १८६९ मध्ये लॉकयरने नेचर हे विज्ञान साप्ताहिक सुरू केलं, नाव कमावलं, पण हेलियम काही हाती लागला नाही. शेवटी १८९५ मध्ये रॅमझेने युरेनियमच्या एका खनिजातून तो वायू काढला. रेषा तीच! सत्तावीस वर्षं गेली होती.

आता येतो विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी एकसष्ट वर्षांचा लॉकयर खरंच इथे आला. किल्ल्यात उपकरणं मांडली, मदतीला ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी घेतले. सगळी तयारी जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. म्हणजे साहेब आला हे खरं, फक्त तीस वर्षं उशिरा.

पण रेषा मुळात पडते का? हे तेव्हा लॉकयरलाही माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉन सापडून जेमतेम वर्ष झालं होतं. उत्तर १९१३ मध्ये बोरने दिलं. माडावर चढायला खाचा असतात ना, पाय खाचेतच ठेवायचा, मध्ये कुठे नाही. अणूतले इलेक्ट्रॉनही तसेच ठरलेल्या पातळ्यांवरच राहतात. वरून खाली उडी मारली की मधली ऊर्जा प्रकाश बनून बाहेर पडते. प्रत्येक मूलद्रव्याच्या खाचांमधलं अंतर वेगळं, म्हणून रंगही वेगळा. अणूचा फिंगरप्रिंटच म्हणा. हेलियमचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर आला की ५८७.६ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश निघतो. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ ला. फरक एवढुसाच, पण लॉकयरला तो दिसला.

आणि हेलियम इतकी वर्षं लपला कसा? त्याच्याकडे इलेक्ट्रॉन दोनच, आणि पहिल्या कवचात जागाही दोनच. घर फुल्ल! तो कुणाशी संयोग करत नाही, म्हणून रसायनशास्त्रज्ञांच्या नेहमीच्या प्रयोगांत सापडतच नव्हता.

लॉकयरचा आणखी एक हट्ट होता. जास्त उष्णतेत काही मूलद्रव्यांच्या वेगळ्याच रेषा ठळक होतात, म्हणजे अणू फुटत असणार, असं तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. लोकांनी ते मानलं नाही. १६ ऑगस्ट १९२० ला तो वारला. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, आपल्या मेघनाद साहांचा निबंध छापून आला. अणू अख्खा फुटत नाही, उष्णतेने त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन निसटतो, आणि उरलेल्या पातळ्या बदलल्यामुळे रेषाही बदलतात. म्हणजे म्हातारा अर्धा बरोबर होता, पण हे वाचायला तो उरला नव्हता.

तेव्हा यंदा मेसेज आला की फॉरवर्ड जरूर करा. फक्त विजयदुर्गापुढचं साल १८९८ करून.